एकट्या देशाला न आवरणारा पारा

कॅनडाच्या उत्तर टोकाला आणि ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर राहणारे इनुइट लोक पिढ्यानपिढ्या सील, व्हेल आणि मासे खाऊन जगत आले आहेत. पाऱ्यावर चालणारे कारखाने त्यांनी काढले नाहीत, कोळसा जाळणारी अजस्र वीजकेंद्रं उभारली नाहीत. तरीही जगात ज्या समाजांच्या अंगात पारा सर्वांत जास्त सापडतो, त्यांत त्यांची गणना होते. हा पारा हजारो किलोमीटरवरून आलेला असतो. कुठल्या तरी धुराड्यातून, कुठल्या तरी सोन्याच्या खाणीवरच्या शेगडीतून तो वर जातो, वाऱ्याबरोबर महिनोन्‌महिने फिरतो, थंड प्रदेशात खाली उतरतो, समुद्रात मिसळतो आणि शेवटी माशाच्या किंवा सीलच्या मांसातून एखाद्या गरोदर बाईच्या ताटात येतो.

एकाने करायचं आणि दुसऱ्याने भरायचं, असा हा प्रकार आहे. इनुइटांनी आपल्या गावात कितीही कडक नियम केले तरी त्यांच्या मुलांच्या अंगातला पारा कमी होणार नाही, कारण तो तिथे तयारच होत नाही. म्हणूनच जगातल्या देशांनी मिळून पाऱ्यासाठी एक स्वतंत्र करार केला. त्याचं नाव मिनामाता करार. पाऱ्यामुळे विशेष धोक्यात असलेल्या आर्क्टिक प्रदेशाचा आणि तिथल्या मूळनिवासी समाजांचा त्याच्या प्रस्तावनेतच उल्लेख आहे. हा करार का करावा लागला, त्यात नेमकं काय आहे आणि त्याचं घोडं कुठे अडलं आहे, ते समजून घ्यायचं तर आधी पारा शरीरात आणि पाण्यात काय करतो ते पाहायला हवं.

धातू एक, रूपं तीन

पारा हे मूलद्रव्य आहे. तो जाळा, पुरा, पाण्यात सोडा, नाहीसा होत नाही. अनेक विषारी रसायनं ऊन, पाणी, जिवाणू यांच्या माऱ्यात हळूहळू मोडतात आणि निरुपद्रवी होतात. पाऱ्याच्या बाबतीत मोडण्यासारखं काही नाहीच. तो फक्त रूप बदलतो आणि जागा बदलतो. या विषयातली बाकीची सगळी गुंतागुंत या एका गोष्टीतून निघते.

पहिलं रूप आपण सगळ्यांनी पाहिलेलं, चकचकीत पातळ धातूचं. पाण्याच्या साडेतेरा पट जड. गंमत म्हणजे हा पातळ पारा चुकून गिळला गेला तर निरोगी आतड्यातून जवळजवळ काहीच शोषलं जात नाही. धोका त्याच्या वाफेत असतो. नेहमीच्या तापमानालाही तो सतत थोडाथोडा उडत असतो. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. ती श्वासावाटे आत गेली की सुमारे ८० टक्के पारा फुप्फुसांतून रक्तात उतरतो आणि थेट मेंदूपर्यंत पोहोचतो. हात थरथरणं, झोप उडणं, चिडचिड, विसराळूपणा ही त्याची लक्षणं.

ताप मोजायचा जुना काचेचा थर्मामीटर फुटला, तर हे लक्षात असू द्यावं. त्यात साधारण अर्धा ते दीड ग्रॅम पारा असतो. फरशीवर त्याचे बारीक मणी होऊन ते फटींमध्ये, कोपऱ्यांत पळतात. अशा वेळी झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात फिरवू नये. झाडूने मणी आणखी बारीक होतात आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या गरम हवेतून वाफ सगळ्या खोलीत पसरते. लहान मुलांना बाहेर काढावं, खिडक्या उघडाव्यात, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी मणी एकत्र लोटून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावेत. उरलेले अगदी बारीक कण चिकटपट्टीने उचलता येतात. पारा मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नये.

दुसरं रूप क्षारांचं. रंग उजळवणाऱ्या काही क्रीममध्ये हे क्षार घातले जातात, कारण ते त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाहीत. त्यांचा मारा प्रामुख्याने मूत्रपिंडांवर होतो. अशा क्रीमच्या डबीवर पाऱ्याचं नाव बहुधा नसतंच. क्रीम लावणाऱ्या आईच्या हातातून, कपड्यांतून आणि उशीवरून हा पारा घरातल्या तान्ह्या बाळापर्यंतही जातो.

तिसरं रूप सर्वांत घातक आणि ते बहुतेक निसर्गातच बनतं. नदीच्या, तळ्याच्या, समुद्राच्या तळाशी जिथे प्राणवायू नसतो, अशा गाळात राहणारे काही जिवाणू पाऱ्याला कार्बनचा एक छोटा गट जोडतात. त्यातून मिथाइल मर्क्युरी तयार होतं. हे गाळातून शेवाळात जातं, शेवाळातून सूक्ष्म प्राण्यांत, तिथून लहान माशांत, मग मोठ्या माशांत. प्रत्येक पायरीवर खाणारा खूप खातो पण त्यातलं मिथाइल मर्क्युरी फार थोडं बाहेर टाकतो, त्यामुळे ते साठत जातं. पाण्यात मोजायलाही अवघड इतकं असलेलं हे विष शार्क किंवा तलवार माशाच्या मांसात लाखो पटींनी वाढलेलं सापडतं. मासा धुऊन, शिजवून, तळून ते जात नाही, कारण ते मांसातल्या प्रथिनांनाच चिकटलेलं असतं.

माणसाच्या पोटात गेल्यावर ते जवळजवळ पूर्ण शोषलं जातं आणि शरीरातून निम्मं बाहेर पडायला साधारण पन्नास दिवस लागतात. मेंदू आणि रक्त यांच्यामधली जी नैसर्गिक गाळणी असते, ती ते सहज ओलांडतं. गर्भाला आईशी जोडणारी वारही ओलांडतं. गर्भाच्या रक्तात तर ते आईच्या रक्तापेक्षाही जास्त साठतं. मेंदूची घडण चालू असतानाच हा घाव बसतो, म्हणून आई धडधाकट दिसते आणि बाळाच्या वाट्याला आयुष्यभराचं अपंगत्व येतं. उत्तर अटलांटिकमधल्या फारो बेटांवर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. तिथे पायलट व्हेलचं मांस खाण्याची रीत आहे. आईच्या अंगात पारा जास्त होता त्या मुलांत, वरकरणी कुठलाही आजार नसताना, भाषा, लक्ष आणि स्मरण यांच्या चाचण्यांत फरक दिसला. फरक लहान होता, पण एका पूर्ण पिढीच्या बाबतीत असा फरक मुळीच लहान नसतो.

मग मासे खाणं सोडायचं का? नाही, आणि हे मुद्दाम ठासून सांगायला हवं. मासा हे उत्तम अन्न आहे, गर्भाच्या मेंदूला लागणारी स्निग्धाम्लंही त्यातूनच मिळतात. शार्क, तलवार मासा, मोठा ट्यूना असे दीर्घायुषी शिकारी मासे गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी टाळावेत आणि तारलीसारखे लहान, अल्पायुषी मासे खावेत, इतकंच. आरोग्य संस्था हाच सल्ला देतात.

मिनामाता

जपानच्या क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतात मिनामाता नावाचं छोटं शहर आहे. तिथे चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना होता. १९३२ पासून तिथे ॲसिटाल्डिहाइड हे रसायन बनवायचं काम सुरू झालं. त्यात पाऱ्याचा उत्प्रेरक वापरत. या प्रक्रियेतच थोडं मिथाइल मर्क्युरी तयार व्हायचं आणि सांडपाण्याबरोबर उपसागरात जायचं.

माणसांच्या आधी मांजरं गेली. कोळ्यांच्या वस्तीतली मांजरं झोकांड्या खात, गरागरा फिरत आणि मरत. मग एप्रिल १९५६ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला कारखान्याच्याच दवाखान्यात आणलं गेलं. तिला धड चालता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, झटके येत होते. पाठोपाठ तिची धाकटी बहीण आली, शेजारपाजारची माणसं आली. दवाखान्याचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी सरकारी आरोग्य केंद्राला कळवलं की कारण न समजलेला, मज्जासंस्थेचा आजार पसरतो आहे. हाच मिनामाता आजाराचा अधिकृत आरंभ मानला जातो.

१९५९ च्या जुलैत कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचं सांडपाणी मांजराच्या खाण्यात मिसळून पाहिलं. प्रयोगाच्या वहीत त्या मांजराचा क्रमांक होता ४००. ऑक्टोबरमध्ये त्या मांजरात नेमकी तीच लक्षणं दिसली. कंपनीला कळलं, आणि कंपनीने तो निष्कर्ष दाबून ठेवला. वर्ष संपता संपता तिने रोग्यांच्या कुटुंबांशी ‘सांत्वनपर’ रकमेचा करार केला. पुढे कारखानाच दोषी ठरला तरी आणखी भरपाई मागणार नाही, असं कलम त्यात घातलं होतं. नाडलेल्या, वाळीत टाकल्यासारखं जगणाऱ्या माणसांनी त्यावर सह्या केल्या. १९७३ मध्ये न्यायालयाने हा करार नीतिबाह्य म्हणून रद्द ठरवला. होसोकावांनी १९७० मध्ये आजारपणात, अंथरुणावरून साक्ष देऊन मांजर क्रमांक ४०० ची हकिकत न्यायालयासमोर ठेवली होती.

तोवर जन्मजात पक्षाघातासारखी लक्षणं घेऊन मुलं जन्माला येत होती. त्यांनी स्वतः मासे खाल्ले नव्हते, त्यामुळे त्यांचा आजार वेगळाच असावा असं समजलं जाई. वार गर्भाचं विषापासून रक्षण करते, अशी वैद्यकाची तेव्हाची समजूत होती. डॉ. मासाझुमी हारादा यांच्यासारख्या डॉक्टरांनी ती मोडीत काढली. जपानमध्ये बाळाच्या नाळेचा वाळलेला तुकडा जपून ठेवण्याची रीत आहे. घराघरांत डब्यांमध्ये ठेवलेल्या त्या नाळा तपासल्यावर त्यांत मिथाइल मर्क्युरी सापडलं. बाळाच्या जन्माच्या वर्षाची चिठ्ठी असलेला तो पुरावा कुणालाच नाकारता आला नाही.

मला सर्वांत अस्वस्थ करतं ते मधलं अंतर. कारण १९५९ मध्ये समजलं होतं. जपान सरकारने ते अधिकृतपणे मान्य केलं सप्टेंबर १९६८ मध्ये, आणि त्याच्या काही महिने आधी चिस्सोने ती उत्पादनपद्धत स्वतःच बंद केली होती, कारण ती जुनी झाली होती. मधल्या नऊ वर्षांत विष वाहत राहिलं. १९६५ मध्ये नीगाता प्रांतात, दुसऱ्याच कंपनीच्या तशाच कारखान्याखाली, आगानो नदीकाठी हाच आजार पुन्हा उद्भवला. अधिकृत रोगी म्हणून आतापर्यंत मिनामाता परिसरात दोन हजारांहून थोडे अधिक लोक नोंदले गेले. त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांना लक्षणं आहेत, पण ते सरकारी निकषांत बसले नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये ओसाकाच्या न्यायालयाने अशा १२८ जणांना मिनामाताचे रोगी मानून निकाल दिला. आजाराची पहिली नोंद होऊन तेव्हा ६७ वर्षं झाली होती.

जपानबाहेरही धडे मिळाले. १९७१ च्या शेवटी दुष्काळाने गांजलेल्या इराकमध्ये परदेशातून गव्हाचं बियाणं आलं. बुरशी लागू नये म्हणून ते मिथाइल मर्क्युरीने माखलेलं होतं. पोत्यांवर धोक्याच्या सूचना होत्या, पण इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये. दाण्यांवर लालसर रंगही होता. लोकांनी तो धुतला आणि विष गेलं असं समजले. बरंचसं बियाणं पेरणी उरकल्यावर पोहोचलं, मग त्याच्या भाकऱ्या झाल्या. रुग्णालयांत ६,५०० हून अधिक लोक दाखल झाले, त्यातले ४५९ तिथेच दगावले. एका देशात तयार झालेलं विषारी बियाणं, दुसऱ्या देशाच्या भाषेतली सूचना आणि तिसऱ्याच देशातली मढी, हे चित्र पाहिलं की पाऱ्याचा व्यापार हा आंतरराष्ट्रीय प्रश्न का, ते वेगळं सांगायला नको.

करारापर्यंतची वाट

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००२ मध्ये जगभरच्या पाऱ्याचा पहिला सविस्तर आढावा मांडला. पाऱ्याचं प्रदूषण सीमा ओलांडतं, हे त्यातून निर्विवाद झालं. पण पुढे काय करायचं यावर अनेक वर्षं मतभेद राहिले. काही देशांना बंधनकारक करार हवा होता, तर अमेरिकेसह इतर काहींच्या मते ऐच्छिक सहकार्य पुरेसं होतं. २००९ च्या फेब्रुवारीत नैरोबीच्या बैठकीत अमेरिकेने भूमिका बदलली आणि बंधनकारक करारासाठी वाटाघाटी करायचं ठरलं. जून २०१० मध्ये स्टॉकहोमला सुरुवात झाली आणि पाच फेऱ्यांनंतर १९ जानेवारी २०१३ च्या सकाळी जिनिव्हात मसुद्यावर एकमत झालं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला कुमामोतोमध्ये करार सह्यांसाठी खुला झाला. पन्नास देशांनी तो स्वीकारल्यावर १६ ऑगस्ट २०१७ पासून तो लागू झाला. आज सुमारे दीडशे देश त्यात आहेत.

मिनामाताचं नाव द्यायचं का, यावर तिथल्याच रोग्यांमध्ये दोन मतं होती. असा अनर्थ पुन्हा घडू नये म्हणून नाव हवं, असं काहींना वाटत होतं. इतर काहींचं म्हणणं होतं की आमचा न्याय अजून अपुरा असताना सरकारने या नावाचं श्रेय घेऊ नये. शिनोबू साकामोतो या आईच्या पोटातच विषबाधा झालेल्या रोगी. १९७२ मध्ये स्टॉकहोमला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेच्या वेळी त्या किशोरवयात तिथे गेल्या होत्या. सप्टेंबर २०१७ मध्ये कराराची पहिली सदस्य परिषद जिनिव्हात भरली तेव्हाही त्या गेल्या आणि हा आजार अजून संपलेला नाही, हे त्यांनी तिथे जगापुढे मांडलं.

खाणीपासून दफनापर्यंत

कराराची रचना मला पटते, कारण ती पाऱ्याच्या मागे मागे जाते. जमिनीतून निघण्यापासून परत जमिनीत बंदिस्त होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर एकेक कलम आहे.

सुरुवात खाणीपासून. नवी पाऱ्याची खाण काढायची नाही. जुन्या खाणी, तो देश करारात आल्यापासून जास्तीत जास्त पंधरा वर्षांत बंद करायच्या. स्पेनमधली आल्मादेन आणि स्लोव्हेनियातली इद्रिया या एके काळच्या सर्वांत मोठ्या खाणी तर आधीच बंद होऊन आता जागतिक वारसा स्थळं झाल्या आहेत.

मग व्यापार. एका देशाने दुसऱ्याला पारा विकायचा तर घेणाऱ्या देशाची लेखी संमती हवी, आणि तो करारात परवानगी असलेल्या वापरासाठीच हवा. यात एक बारकावा फार मोलाचा आहे. मीठाच्या पाण्यापासून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या जुन्या कारखान्यांच्या टाक्यांमध्ये टनावारी पारा असे. कारखाना मोडीत काढला की हा पारा स्वस्तात बाजारात यायचा आणि फिरत फिरत सोन्याच्या खाणींवर पोहोचायचा. करार म्हणतो, तो विकायचाच नाही, त्याची कायमची विल्हेवाट लावायची. युरोपीय संघाने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१३ मध्ये पाऱ्याची निर्यात बंद केली तीही याच विचाराने. तसं केलं नाही तर एका देशाची स्वच्छता म्हणजे दुसऱ्या देशाची विषबाधा ठरते.

वस्तूंच्या बाबतीत तारखा ठरवून दिल्या. थर्मामीटर, बीपी मोजायची पाऱ्याची यंत्रं, अनेक प्रकारच्या बॅटऱ्या, स्विच, पाऱ्याची कीटकनाशकं यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२० पर्यंत थांबवायची होती. देशांना ठरावीक मुदतीची सवलत मागता येत असे, आणि ती अनेकांनी मागितली. अलीकडच्या परिषदांमध्ये ही यादी वाढत गेली आहे. रंग उजळवणाऱ्या क्रीमना आधी दहा लाखात एक भाग पाऱ्याची मुभा होती. नंतर ती काढून २०२५ नंतर पारा घातलेलं कुठलंच सौंदर्यप्रसाधन नको असं ठरलं. उरलेल्या ट्यूबलाइटनाही २०२७ पर्यंतची मुदत आहे. दातात जी चांदी भरतात तिच्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांच्यासाठी ती टाळायची असं २०२२ मध्ये ठरलं, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाच्या सहाव्या परिषदेने तिचा वापर २०३४ पर्यंत पूर्ण थांबवायचं ठरवलं.

लसींना मात्र यातून वगळलं आहे, आणि तेही विचारपूर्वक. काही लसींच्या अनेक डोस असलेल्या कुप्यांत थायोमर्सल नावाचं पाऱ्याचं संयुग अत्यल्प प्रमाणात असतं, म्हणजे कुपी पुन्हापुन्हा उघडली तरी त्यात जंतू वाढत नाहीत. त्यातून शरीरात इथाइल मर्क्युरी तयार होतं. माशांतल्या मिथाइल मर्क्युरीपेक्षा ते वेगळं आहे आणि बरंच लवकर बाहेर पडतं. लस न मिळाल्याने जे जीव जातील त्यापुढे हा धोका नगण्य आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं देशांनी मान्य केलं.

कारखान्यांपैकी मिनामाताची ती मूळ पद्धत, पारा वापरून ॲसिटाल्डिहाइड बनवण्याची, २०१८ पर्यंत जगातून बंद करायची होती. क्लोरीन-सोड्याच्या पद्धतीला २०२५ ची मुदत दिली. पीव्हीसी प्लॅस्टिकचा कच्चा माल कोळशापासून बनवताना पाऱ्याचा उत्प्रेरक लागतो. तिथे मात्र करार करताना पक्की तारीख ठेवली नाही, फक्त दर टनामागचा वापर २०१० च्या तुलनेत २०२० पर्यंत निम्मा करायला सांगितलं. हा उद्योग प्रामुख्याने चीनमध्ये आहे आणि तो फार मोठा आहे.

शेवटी विल्हेवाट. गोळा केलेला पारा गंधकाशी संयोग करून घट्ट, न उडणाऱ्या पावडरीत बदलतात आणि ती भूमिगत जागी बंदिस्त करतात. जमिनीतून हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधकाचं खनिज, म्हणून जो निघाला होता, तो जवळपास त्याच रूपात परत जातो.

यात एक उणीव आहे. करार मोडणाऱ्याला दंड नाही. पंधरा सदस्यांची एक समिती आहे, पण तिचं काम मदत आणि पाठपुरावा करण्याचं. गरीब देशांना पैसा जागतिक पर्यावरण निधीतून आणि कराराच्या स्वतःच्या छोट्या कार्यक्रमातून मिळतो. शिक्षेच्या धाकाने चालणारं हे काम नव्हे. अहवाल देणं, एकमेकांसमोर उत्तर देणं आणि बाजारपेठ बंद होणं, या तीन दाबांवर ते चालतं. थर्मामीटर आणि बॅटऱ्यांच्या बाबतीत ते पुरेसं ठरलं, कारण पाऱ्याविना चालणारी आणि परवडणारी साधनं हाताशी होती.

धूर आणि सोनं

२०१५ या वर्षात माणसाच्या कामांमुळे सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्यातला साधारण पाचवा हिस्सा वीज आणि उष्णतेसाठी कोळसा जाळण्यातून आला. कोळशात पारा अगदी किंचित असतो, पण जाळला जाणारा कोळसा अफाट असतो. शिसं, जस्त, तांबं वितळवणाऱ्या भट्ट्या, सिमेंटचे कारखाने, कचरा जाळणारी केंद्रं यांचाही वाटा आहे. या सगळ्यांसाठी करार सांगतो की नव्या प्रकल्पांनी पाच वर्षांत उपलब्ध उत्तम तंत्र वापरावं, आणि जुन्यांसाठी देशांनी दहा वर्षांत ते तंत्र, धुराची मर्यादा अशा ठरवून दिलेल्या उपायांपैकी किमान एक लागू करावा. धुरातली राख आणि गंधक अडवणारी यंत्रणा नीट चालली तर बराचसा पाराही त्यातच अडकतो, आणि धुरात सक्रिय कोळशाची भुकटी सोडली की आणखी. म्हणजे इथे वाट माहीत आहे, प्रश्न खर्चाचा आणि इच्छेचा आहे.

सर्वांत मोठा वाटा, सुमारे ३८ टक्के, मात्र हातांनी चालणाऱ्या छोट्या सोन्याच्या खाणींचा आहे. आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि आशियातल्या सत्तरहून अधिक देशांत एक ते दोन कोटी माणसं या कामावर पोट भरतात. त्यांत चाळीस-पन्नास लाख बायका आणि मुलं आहेत. जगात दरवर्षी निघणाऱ्या सोन्यातलं साधारण पाचवा हिस्सा सोनं त्यांच्या हातून येतं.

काम असं चालतं. दगड फोडून, दळून त्याची पूड करतात. पाण्यात कालवलेल्या पुडीत पारा ओततात आणि हातापायांनी मळतात. सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण पाऱ्याला चिकटतात. मग ते मिश्रण फडक्यात घालून पिळतात. सुटा पारा गळून जातो आणि हातात राखाडी, लोण्यासारखा मऊ गोळा उरतो. हा गोळा थाळीत ठेवून शेगडीवर तापवतात. पारा वाफ होऊन उडून जातो आणि थाळीत पिवळसर, सच्छिद्र सोनं शिल्लक राहतं. हे अनेकदा घराच्या स्वयंपाकाच्या जागी चालतं, आणि शेजारी मुलं खेळत असतात.

एवढं करूनही या कामावर करारात बंदी नाही. देशांनी पाऱ्याचा वापर ‘कमी करावा आणि शक्य तिथे थांबवावा’ असं कलम आहे, आणि ज्या देशांत हे काम मोठ्या प्रमाणावर चालतं त्यांनी राष्ट्रीय कृती आराखडा करावा असं बंधन आहे. चार सर्वांत घातक प्रकार नाव घेऊन थांबवायला सांगितले आहेत: सगळ्या दगडाच्या पुडीत पारा ओतणं, तो गोळा उघड्यावर जाळणं, वस्तीत जाळणं आणि पारा मिसळलेल्या गाळावर आधी पारा न काढता सोनं विरघळवायला सायनाइड वापरणं. हा शेवटचा प्रकार विशेष वाईट, कारण सायनाइडमुळे पारा पाण्यात विरघळतो आणि मिथाइल मर्क्युरी होण्याच्या वाटेला सहज लागतो.

बंदी का नाही, याचं उत्तर समजण्यासारखं आहे. खाणकामगार गरीब आहे, बहुतेकदा बेकायदा आहे, आणि पारा स्वस्त, सुटसुटीत, एकट्याने वापरता येणारा आहे. कागदावर बंदी घातली की काम रात्रीच्या अंधारात आणि आणखी आत जंगलात सरकतं, आणि मग डॉक्टरही तिथे पोहोचत नाही. म्हणून आधी खाण कायदेशीर करा, कामगारांना संघटित करा, कर्ज मिळवून द्या, असा सुज्ञ सल्ला आहे. तंत्रंही आहेत. झाकण आणि नळी असलेलं साधं लोखंडी भांडं वापरलं तर वाफ थंड होऊन बहुतेक पारा परत मिळतो. दळलेली पूड उतरत्या फळीवरून पाण्याने धुऊन जड कण वेगळे केले तर पारा फारच थोडा लागतो. फिलिपिन्समधल्या काही खाणकामगारांनी टाकणखार वापरून, पारा अजिबात न घालता सोनं वितळवायची पद्धत काही दशकं चालवली आहे. जागतिक पर्यावरण निधीच्या पैशातून चाललेला प्लॅनेटगोल्ड हा कार्यक्रम अनेक देशांत नेमकं हेच शिकवतो आहे.

तरीही माझ्या मते कराराची दुखरी नस इथेच आहे. थर्मामीटरला तारीख आहे, ट्यूबलाइटला आहे, दातातल्या चांदीलाही आता आहे. जगात सर्वांत जास्त पारा हवेत सोडणाऱ्या कामाला मात्र तारीख नाही. आणि सोन्यासाठी पारा वापरणं परवानगीच्या यादीत आहे, तोवर त्यासाठीचा व्यापारही कायदेशीर राहतो. एखाद्या देशाने बंदी घातली तर शेजारच्या देशात रीतसर आयात झालेला पारा सीमेवरून बाटल्यांत भरून आत येतो. हे वारंवार दिसलं आहे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असं होऊ द्यायचं नसेल, तर सोन्याची ही सवलत काढून पाऱ्याच्या व्यापारालाच अंतिम मुदत ठरवायला हवी, आणि तिच्यासोबत खाणकामगाराच्या हातात पाऱ्याविना सोनं काढायचं साधन आणि पैसा आधी पोहोचायला हवा. ही मागणी अनेक नागरी संघटना आणि काही देश सदस्य परिषदांमध्ये करत आले आहेत. निर्णय शक्यतो सर्वसंमतीनेच घेतले जातात, त्यामुळे एखाद-दुसऱ्या देशाच्या विरोधानेही तो पुढे ढकलला जातो.

घाई कशासाठी, तर आज सगळं थांबलं तरी आधी सोडलेला पारा जमिनीतून, पाण्यातून पुन्हापुन्हा हवेत येत राहणार आहे. हवेतला पारा नैसर्गिक पातळीच्या कित्येक पट वाढलेला आहे, आणि समुद्रातला खाली उतरायला अनेक दशकं लागतील. पुढच्या दहा वर्षांत खाणींवर जे टनावारी मिसळलं जाईल, ते त्यात भरच घालेल, आणि त्याचा हिशेब आज जन्मालाही न आलेल्या मुलांच्या रक्तात होईल.